मास्तरांचे मास्तर कोण, ते विचारा

येळ्ळूर आणि आसपासच्या गावांतले आईवडील, शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीवर, बसलेली मंडळी आणि पदवीची गुणपत्रिका हातात घेऊन बीएडच्या अर्जाकडे बघत बसलेली पोरंपोरी, यांच्याशी जरा बोलायचं आहे. बीएडला नाव घालताना आपण फी विचारतो, बस कुठपर्यंत येते ते विचारतो, हॉस्टेलचं जेवण कसं आहे ते विचारतो. हजेरीची सक्ती कितपत आहे, हेही हळूच विचारून घेतो. तिथे शिकवतं कोण, त्या माणसाचा हात कशावर बसलेला आहे, त्याने इतकी वर्षं अभ्यास कशाचा केला, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर ऑफिसातला क्लार्कही चमकून वर बघतो.

आपल्या शिवारात बासमतीचं बी घ्यायचं झालं, तर ते कुणाच्या रानातलं, गेल्या साली किती उतरलं, याची चार ठिकाणी चौकशी होते. पोरीची दोन वर्षं आणि घरातली शिल्लक द्यायची तिथे मात्र गेटवरची कमान बघून आपण खूश होतो. हे बदला, एवढंच माझं सांगणं आहे. ते का आणि कसं, ते पुढे सांगतो.

मराठीची किंमत येळ्ळूरला कुणी शिकवायला नको. २०१४ च्या जुलैत वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक कोर्टाच्या आदेशाने हटवला गेला, तेव्हा काय काय झालं ते इथल्या घराघरांत माहीत आहे. त्या वादात मी शिरत नाही. पण एका फलकावरच्या अक्षरांसाठी ज्या गावाने इतकं सोसलं, त्या गावाने शाळेतल्या फळ्याचीही तेवढीच चौकशी करावी. त्या फळ्यावर मराठी लिहिणाऱ्या गुरुजींना, बाईंना शिकवलं कुणी?

सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या मुलाचा दिवस कसा जातो, ते बघा. घरी तो बेळगावी मराठी बोलतो, तिच्यात कन्नड शब्द आणि कन्नड हेल सहज मिसळलेले असतात. हातातलं पुस्तक कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक मंडळाचं असतं. भाषेचं सोडलं तर बाकीचे विषय बहुतेक अनुवादातून आलेले, त्यामुळे वाक्यं पुण्याच्या पुस्तकासारखीही नसतात आणि घरच्या बोलीसारखीही नसतात. त्यात २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यापासून कन्नडही खालच्या वर्गांपासून आली आहे, आणि इंग्रजी तर पहिलीपासून आहेच. म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल एकाच वेळी तीन लिप्या गिरवतं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, ‘ओ’चंही तसंच. मराठीत हा भेदच नाही, म्हणून मराठी मूल तिथे अडखळतं. उलट मराठीत निर्जीव वस्तूलाही लिंग असतं: तो दगड, ती भिंत, ते दार. कन्नड घरातून आलेलं मूल मराठी शाळेत तिथेच घसरतं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे, पण अक्षर एकच. ज्या शिक्षकाला हे माहीत आहे, तो मुलाला ‘ढ’ म्हणत नाही. चूक कुठून आली ते त्याला दिसतं, आणि तेवढी गाठ तो सोडवून देतो. ज्याला माहीत नाही, तो शुद्धलेखनाच्या दहा चुकांवर लाल रेघा ओढतो आणि वही परत करतो.

हे शिक्षकाला आपोआप कळत नाही. कुणीतरी त्याला बीएड-डीएडच्या वर्गात शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याने त्याचा अभ्यास केलेला असावा लागतो. अभ्यासाला विषय नाही असंही नाही. गम्पर्ज आणि विल्सन या दोघा अभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर निबंध लिहिला. गावाचं नाव त्यांनी ‘कुपवार’ असं दिलं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, प्रत्येकाने आपले शब्द जपले, पण वाक्याची घडण मात्र एकमेकांसारखी होत गेली, असं त्यांना आढळलं. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत तो निबंध वाचतात. आपल्या पोरांची तऱ्हा त्याहून फार वेगळी नाही. तुमची मुलगी ज्या कॉलेजात बीएडला जाणार आहे, तिथल्या भाषेच्या प्राध्यापकांनी हे नाव ऐकलंय का, एवढं विचारून बघा. नसेल ऐकलं तरी रागावू नका. प्रश्न ऐकून त्यांना उत्सुकता वाटली की कंटाळा आला, ते बघा. मला विचाराल तर तिथेच निम्मं उत्तर मिळतं.

आता प्रवेशाचं. समजा मुलीने मराठी आणि इतिहास घेऊन बीए केलंय. बीएडला तिला शिकवण्याच्या पद्धतीचे विषय घ्यावे लागतील, ज्याला सगळे ‘मेथड’ म्हणतात. पहिला प्रश्न हाच: मराठीची मेथड तुमच्याकडे आहे का, आणि ती कोण शिकवतं? बेळगाव भागात अनेकदा सगळा कारभार कन्नड किंवा इंग्रजीतून चालतो. त्यात गैर काही नाही. राज्य कर्नाटकाचं आहे, आणि पुढे नोकरीला कन्नड लागणारच. पण मुलगी मराठी शाळेत मराठी शिकवणार असेल आणि तिचे सराव पाठ बघायला येणाऱ्या सरांना मराठी वाचताच येत नसेल, तर ते पाठात बघणार काय? फळ्यावरचं अक्षर वळणदार आहे की नाही, एवढंच. टाचण वहीवर सही होईल, गुण पडतील, आणि कविता कशी शिकवायची ते तिला कधीच कळणार नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांत अजून घोटाळा होतो. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही. त्यासाठी डीएलएड, म्हणजे आपलं जुनं डीएडच, लागतं. बालवर्गातल्या, पहिली-दुसरीच्या लेकरांना शिकवायची हौस असलेल्या मुलीला ‘बीएड मोठं आहे’ म्हणून तिकडे ढकलू नका.

प्राध्यापकांची यादी कशी वाचायची, ते आता सांगतो. यादी असतेच. अध्यापक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, म्हणजे एनसीटीई, हिच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे मान्यता मिळालेल्या प्रत्येक संस्थेला शिक्षकवर्गाची माहिती आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागते. त्याच नियमांनी २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं. वर्षाला १०० प्रवेश, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असतील, तर पूर्णवेळ १६ अध्यापक हवेत, असा त्यातला हिशेब आहे. एक प्राचार्य, शिक्षणाचं तत्त्वज्ञान-मानसशास्त्र-समाजशास्त्र बघणारे चार, गणित-विज्ञान-सामाजिक शास्त्र-भाषा या विषयांच्या अध्यापनाचे आठ, आणि शारीरिक शिक्षण, चित्रकला, संगीत-नाट्य यांना प्रत्येकी एक. यादी समोर धरा आणि मोजा. चार प्राध्यापक आठ विषय ‘बघतात’ असं दिसलं तर थांबा. संगीत-नाट्याच्या जागेवर कुणाचं तरी नाव आहे, पण तो माणूस कॉलेजात कुणी पाहिलेला नाही, असं शेवटच्या वर्षाच्या मुलांनी सांगितलं, तर त्या पोरांवर विश्वास ठेवा. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जी माहिती मिळते, ती माहितीपत्रकात छापत नाहीत.

याच नियमांत आणखी एक आकडा आहे, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: २० आठवडे. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शाळेत काढायचे. इंटर्नशिप म्हणतात ती हीच. त्या काळात कॉलेजातलं कोण शाळेत येतं, किती वेळा येतं, वर्गात मागे बसून पूर्ण तास ऐकतं की मुख्याध्यापकांबरोबर चहा पिऊन सही करून जातं, हे तुमच्या गावातल्या शाळेतल्या गुरुजींना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारा. वार्षिक अहवालातून जे कळत नाही, ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

आता संशोधनाकडे वळतो. याची सामान्य माणसाला उगाचच भीती वाटते. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे ‘संशोधनाचे विषय’ असा रकाना असतो. शैक्षणिक मानसशास्त्र, शैक्षणिक तंत्रज्ञान, मूल्यमापन, समावेशक शिक्षण, महिला शिक्षण, मूल्यशिक्षण, पर्यावरण शिक्षण, असे सात विषय एकाच माणसाच्या नावापुढे असले, तर त्याचा एकही विषय नाही असं खुशाल समजा. माझा अनुभव असा, की खरा अभ्यासक एका प्रश्नाच्या मागे दहा-पंधरा वर्षं असतो. तिसरीच्या मुलाला जोडाक्षर का जमत नाही, मुलींना गणिताची धास्ती कितवीत बसते, असल्या साध्या प्रश्नांच्या.

पडताळायचं असेल तर सोयही आहे. युजीसीच्या २००९ च्या नियमांपासून विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करावे लागतात, आणि ते ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात कुणालाही फुकट वाचता येतात. घरातल्या पदवीधर पोराला बसवा, प्राध्यापकांचं नाव टाकायला सांगा, त्यांचा स्वतःचा प्रबंध आणि त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध बाहेर येतील. शीर्षकं वाचली तरी अंदाज येतो. अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांची वृत्ती आणि तिचा तमुकशी सहसंबंध, या साच्याची शीर्षकं ढिगाने सापडतील. शंभर-दोनशे शिक्षकांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, आणि ‘शिक्षकांना अधिक प्रशिक्षणाची गरज आहे’ ही शिफारस करून मोकळं व्हायचं. त्या ढिगात एखादा प्रबंध वेगळा दिसतो. कुणीतरी एका शाळेत वर्षभर बसलेलं असतं, मुलांच्या वह्या तपासलेल्या असतात, चुकांची वर्गवारी केलेली असते. अशा माणसाच्या हाताखाली तुमची मुलगी गेली तर तिचं भलं होईल.

शोधनिबंधांच्या संख्येला भुलू नका. पैसे भरले की छापणारी नियतकालिकं इतकी बोकाळली, की मे २०१८ मध्ये युजीसीला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढावी लागली. ‘८० शोधनिबंध प्रकाशित’ असं वाचलं की मला तरी आदराच्या आधी शंका येते. आणि हेही खरं, की नावावर एकही निबंध नसलेले काही प्राध्यापक वर्गात जीव ओतून शिकवतात, आणि काही मोठ्या संशोधकांच्या तासाला पोरं डुलक्या काढतात. कागद वाचा, पण माणूसही बघा.

सीमेपलीकडे सगळं चांगलं, असाही समज करून घेऊ नका. महाराष्ट्रात कोल्हापूर, गारगोटीकडे मराठी माध्यमातून शिकता येतं, शिवाजी विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आहे, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्र सरकार काही सवलती देतं. त्या त्या वर्षीचा नियम नीट विचारून मगच जा. पण डीएड कॉलेजांचं पीक आलं होतं तेही महाराष्ट्रातच. २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला, आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. तपासणीत त्यातल्या बहुतेक संस्था लायक ठरल्या नाहीत. पाटी मराठी असली म्हणून आतलं शिक्षण चांगलं असेलच असं नाही.

आपल्याच टापूत याहून चांगली उदाहरणं होऊन गेली. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात राहून शिक्षणाचं आणि गावसुधारणेचं काम केलं. पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं, आणि १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिक्षकांना घडवणाऱ्या संस्था विद्यापीठापासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, हे दुखणं त्या आयोगाने नेमकं सांगितलं. साठ वर्षांनीही ते बरं झालेलं नाही. दुसरं नाव लीलाताई पाटलांचं. भावी शिक्षकांना शिकवण्यात त्यांच्या नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर आपण आजवर वर्गात जे सांगितलं ते खरंच जमतं का, हे बघायला १९८५ मध्ये कोल्हापुरात त्यांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलं. स्वतः शिकवलेलं स्वतः शाळेत उतरवून बघणारा प्राध्यापक मिळाला तर त्याचं कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये असलं तरी चालेल.

प्रवेशाचं एवढं पुरे. गावाने करायचं कामही आहे. विद्यापीठातले संशोधक आपल्याकडे येत नाहीत, अशी तक्रार करून भागणार नाही. त्यांना बोलवावं लागतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून बेळगावच्या दाराशी आहे, आणि तिथे मराठी विभागही आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आहे, विजयपुरात महिला विद्यापीठाचा आहे, कोल्हापूरही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. म्हैसूरला तर भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून आणि एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ पासून काम करते आहे. या सगळ्यांना संशोधनाला विषय लागतात, आणि आपल्याकडे विषय पडून आहेत. तीन लिप्या एकदम शिकणारं मूल कोणती आधी पक्की करतं? अनुवादित पुस्तकातलं कोणतं वाक्य येळ्ळूरच्या पाचवीच्या मुलाला कळत नाही? मराठी शाळेतून मूल काढून इंग्रजी शाळेत घालणारे आईवडील नेमकं कशाला घाबरतात? घरच्या भाषेत वाचन पक्कं झालं की दुसऱ्या भाषेला त्याचा आधार मिळतो, हे कॅनडात जिम कमिन्स यांनी मांडलं. ओडिशातल्या कोंध मुलांबद्दल अजित मोहंती यांनी दाखवलं, की दोन भाषा वागवणारी मुलं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा मागे नसतात, काही बाबतींत पुढेच असतात. बेळगाव तालुक्यातल्या मुलांबद्दल असा अभ्यास कुणी करावा, ही मागणी गावाकडून जायला हवी.

बीएडची पोरं इंटर्नशिपला गावात येतील तेव्हा त्यांना उपरं समजू नका. बाजूच्या बाकावर बसवून ठेवू नका, वर्ग द्या. त्यांच्याबरोबर त्यांचे प्राध्यापकही यावेत, असा आग्रह एसडीएमसीने धरावा. आणि गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, त्यात कविसंमेलनाची वेळ थोडी कापून एक सत्र शिक्षकांना घडवणाऱ्या प्राध्यापकांना द्या. कवी रागावतील, पण पुढच्या वर्षी परत येतील.

तर येत्या ग्रामसभेआधी एसडीएमसीच्या बैठकीत दोन ठराव करा. पहिला, गावातून बीएड-डीएडला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांनी प्रवेशाआधी अध्यापकांची यादी मागून घ्यावी, आणि ती शाळेतल्या गुरुजींबरोबर बसून वाचावी. दुसरा, वरच्यापैकी निदान दोन विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांना पत्र लिहावं: आमची शाळा, आमची मुलं आणि हे आमचे प्रश्न, तुमच्यापैकी कोण येतंय? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं राज्यघटनेचं कलम ३५०-अ सांगतं, त्याचा उल्लेख पत्रात जरूर करा. पत्र मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा, म्हणजे कागद टेबलावर अडत नाही. आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.